तांबेरा आलाच नाही

"कुठाय तुमचा तांबेरा?" काचघरात पाऊल टाकताच संशोधन संस्थेच्या साहेबांनी विचारलं.

सासूबाईंच्या संशोधक सुनेने घाईने कुंड्यांकडे पाहिलं. डावीकडच्या कुंड्यांत साधा गहू होता, या रोगाला हटकून बळी पडणारा. उजवीकडे तिचा स्वतःचा. रानगवतातला एक जनुक त्यात उतरवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. रोगाची भुकटी तिने दोन्हींवर सारखीच शिंपडली होती. आणि आता इकडेही हिरवंगार, तिकडेही हिरवंगार.

"साधा गहूच आजारी पडला नाही, तर तुमचा टिकला म्हणायचं कशावरून? रोग लागलाच नाही. बंद करा हे. जागा दुसऱ्या कुणाला तरी देतो."

सून भिंग घेऊन या कुंडीवरून त्या कुंडीवर धावली. आठवडाभर हेच चाललं होतं, आणि काल रात्रीपर्यंत एकाही पानावर डाग उठला नव्हता. भरल्या ताटावरून उठायची, फेऱ्या मारायची, पुन्हा इथे यायची. काय बिनसलंय, ते मात्र सांगायची नाही. घरी बसून भिंती किती बघायच्या, म्हणून सासूबाईही रोज सोबत यायच्या. आत्ताही त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या.

"डावीकडची रोपं इतकी विरळ कशी?" साहेबांनी विचारलं.

सून खाली वाकली. बुडाशी ताज्या तोडल्याच्या खुणा होत्या. ती गर्रकन वळली.

"आई, तुम्ही हात लावलात?"

"लावला. चांगला लावला! सकाळी मला दारातच सोडून तू साहेबांना आणायला गेलीस आणि आत येऊन बघते तर काय, पानंच्या पानं गंजलेली. बोट लावलं की नारिंगी धूळ. परक्या माणसासमोर माझ्या सुनेची शोभा होऊ देऊ? मी काय मेलेय? खुडली आणि टाकली त्या बादलीत."

साहेब बादलीकडे गेले. सून सासूबाईंपाशी आली.

"सगळ्या कुंड्यांतली खुडलीत?" तिने विचारलं.

"बघितल्या सगळ्या. एकेक पान उलटून बघितलं, डोळे शाबूत आहेत अजून." सासूबाई फणकारल्या. "पण माझ्यावर डोळे वटारू नकोस हं. तुझ्या त्या लाडक्या गव्हाचं एक पान तोडलेलं नाही. डाग असेल तर तोडू ना!"