मोकळे हात

मुनिराभाभीच्या बांगड्यांच्या दुकानाला कुलूप होतं.

माधवीनं उगीचच कडी वाजवून पाहिली. कर्जतच्या बाजारात शनिवारी दुपारी सगळं उघडं, आणि बंद नेमकं हेच! आता उघड्या मनगटांनी घरी जायचं तरी कसं?

लग्न झालं तेव्हा ती नुकतीच डॉक्टर झाली होती. मुंबईला जाऊन भूलतज्ज्ञ व्हायचंय म्हणाली, तेव्हा सासूबाई सुंदराबाईंनी शेजारच्या आवडीकाकूंसमोर बजावलं होतं, "खुशाल शीक गं. पण सवाशीण हाय तू. हात मोकळे दिसले, त्या दिवशी तुझी मुंबई बंद."

आता ऑपरेशनच्या खोलीत काचेच्या बांगड्या कशा चालायच्या? दीड वर्ष माधवी जाताना भाभीकडे बांगड्या उतरवी आणि येताना पुन्हा भरे. भाभीचा हात इतका हलका, की कधी एक बांगडी वाढली नाही. माधवीच्या सुट्टीचा नेम नसे, तरी ती येई त्या दिवशी हिरव्या ठिपक्यांच्या चिंधीत बांधलेलं पुडकं तयार. धंद्यातली माणसं हुशार असतात, असं माधवीला वाटे.

ती रिक्षात बसली. पर्समध्ये एक कागद होता. लग्न झालेल्या शिकाऊ डॉक्टरणींची कुणीतरी पाहणी करत होतं. 'कामात समाधान आहे का?' तिनं क्षणात पाचपैकी पाच लिहिले होते. घाबरून थरथरणाऱ्या बाईला शेवटी "डोळे उघडा मावशी, झालं सगळं" म्हणण्यातलं सुख सांगून कुणाला कळणार!

'घरच्यांचा पाठिंबा?' तिथंही पाच. सुट्टीत सासूबाई तिला गॅसपाशी फिरकू देत नसत. निघताना तांदळाच्या भाकऱ्या बांधून देत. त्या माउलीचे उपकार कसे फिटायचे, असं तिला खरोखर वाटे, आणि म्हणूनच फसवणूक जास्त टोचे. 'घरी काही लपवावं लागतं का?' ही ओळ तिनं कोरी सोडली होती.

ओटीवर सासूबाईंशेजारी आवडीकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. माधवीनं हात ओढणीत गुंडाळले.

"आली गं डॉक्टरीण! हात कशाला झाकतेस? बघू बांगड्या."

माधवीनं ओढणी आणखी घट्ट धरली. झाली आता मुंबई बंद!

"आल्या आल्या काय बघतेस आवडे? आधी हातपाय तर धुऊ दे तिला," म्हणत सासूबाई उठल्या. दंडाला धरून त्यांनी तिला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"आई, मी सगळं सांगते..."

"हळू बोल." सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आलं ते हिरव्या ठिपक्यांच्या चिंधीतलं पुडकं.

"दे हात इकडं. मुनिरा आज नाय, म्हणून कालच आणून ठेवल्यात."