हिरवी भिंत

"याच्या बचावापेक्षा आमच्या गोठ्याचं फाटक बरं. निदान गाय तरी अडते," मागच्या रांगेतला म्हातारा अर्ल म्हणाला आणि आजूबाजूची मंडळी खदखदून हसली.

रोझलिन हसली नाही, वळलीही नाही. ज्याची शोभा चालली होती तो कर्ट हॅवलिक तिचा नवरा, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा बचावाचा प्रशिक्षक. चेंडू हातात घेऊन समोरच्यांची रेषा ओलांडायची, असा तो खेळ. गुण मिळवायचं काम दुसऱ्याचं, समोरच्यांना अडवायचं ते याचं. अडवलं तर पोरांचं कौतुक, नाही अडवलं तर कर्टच्या नावाने शिमगा. प्रशिक्षकांच्या बायकांची बसायची जागा वेगळी असते. पण महिनाभर संघ हरत होता, आणि तिथल्या बायका रोझलिनशी फार जपून बोलायला लागल्या होत्या, आजाऱ्याच्या घरी बोलतात तशा. म्हणून आज ती लेकीला, टेसाला, घेऊन साध्या तिकिटावर गर्दीत येऊन बसली होती.

अर्लला यातलं काही ठाऊक नव्हतं. थंडी मी म्हणत होती, म्हणून त्याने स्वतःच्या थर्मासमधली कॉफी तिला दिली होती आणि दालचिनीचा अर्धा रोल टेसाच्या हातावर ठेवला होता. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर तिला त्याचा राग तरी करता आला असता.

मुख्य प्रशिक्षकाने मंगळवारीच कर्टला सांगून टाकलं होतं, शनिवारी हरलो तर बचावाला दुसरा माणूस बघावा लागेल. आणि आता शनिवार संपत आला होता. आपला संघ जेमतेम पुढे होता, आणि पाहुण्यांची पोरं आपल्या रेषेच्या तोंडाशी येऊन ठेपली होती. एक शेवटची चाल उरली होती. रेषा ओलांडली की ते जिंकले.

रोझलिनने शेजारी पाहिलं. टेसा नखाखालचा हिरवा रंग खरवडत होती. बापाच्या नोकरीपायी पोरीचं हे पाचवं गाव. प्रत्येक गावात नव्या संघाच्या रंगाची टोपी, जाकीट, मोजे घ्यायचे आणि गाव सुटलं की सगळं देऊन टाकायचं. या वेळी तिने आईबापांकडून शब्द घेतला होता, शाळेचं शेवटचं वर्ष इथेच पुरं करायचं. त्या भरवशावर तिने मागच्या रविवारी स्वतःची खोली रंगवायला काढली. हिरवीच का, असं आईने विचारलं तेव्हा म्हणाली, आपल्या कुठल्याच संघाचा रंग हिरवा नव्हता, हा माझा.

या धंद्यातल्या जुन्या बायका सांगतात, भिंत रंगवू नये. रंग वाळायच्या आत सामानाचा ट्रक दारात येतो. रोझलिनने आजवर कुठल्याही गावात भिंतीला साधा खिळा ठोकला नव्हता. पण पोरीचा चेहरा बघून तिच्याने नाही म्हणवलं नाही. रविवारी तिनेच डबा उघडून दिला होता.

खाली पाहुण्यांची पोरं वाकून उभी राहिली.

"सगळे गडी पुढे घाल, मठ्ठ माणसा!" अर्ल उभा राहून ओरडला. सगळं मैदान तेच ओरडत होतं. रोझलिनने मान वळवून वरच्या, प्रशिक्षकांच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं. कर्ट टोपी उलटी फिरवून बसला होता. हेडफोनमध्ये तो काहीतरी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असावा. त्याने सगळे पुढे घातले नाहीत. त्याची पोरं जागची हलली नाहीत.

चेंडू सुटला. पाहुण्यांचा पोरगा चेंडू छातीशी कवटाळून पोरांच्या ढिगावरून झेपावला आणि न हललेल्या दोघांनी त्याला हवेतच धरला. रेषेच्या अलीकडे तो आडवा झाला. रेषा ओलांडल्याची खूण म्हणून पंच हात वर करतो, त्याने ते केले नाहीत. मग सगळं मैदान एका दमात उठलं.

रोझलिन मात्र खाली बसली. वाचलो, एवढंच तिच्या मनात येत होतं. ती टेसाला जवळ घेऊन रडली आणि टेसा आयुष्यात पहिल्यांदा वडिलांच्या नावाने मोठ्यांदा ओरडली.

"मी म्हणत नव्हतो, हा माणूस सोनं आहे म्हणून?" अर्लने रोझलिनच्या पाठीवर थाप मारली. मग जरा खिन्न होऊन म्हणाला, "पण पोरी, असलं सोनं आपल्यासारख्यांकडे टिकत नाही बघ. सोमवारपर्यंत एखादा मोठा संघ उचलून नेईल. वाईट निघाला तर आपण हाकलायचा, चांगला निघाला तर त्यांनी न्यायचा."

रोझलिनला त्याला गप्प करावंसं वाटलं. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन थरथरला. कर्टचा निरोप होता. एका मोठ्या विद्यापीठाचं नाव, आणि पुढे एवढंच, 'आत्ताच फोन आला. मी अजून हो म्हटलेलं नाही. घरी बोलू.'

अजून. तिने तो शब्द दोनदा वाचला आणि फोन पालथा धरला. पण टेसाने नाव वाचलं होतं. आजूबाजूला माणसं नाचत होती, बँड वाजत होता. पोरीने हात मांडीवर घेतले, नखांकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "त्यांचा हिरवा तर नाही ना?"