नावाची अट

शालनताईंच्या आठवणी तापात पुसल्या गेल्या होत्या, पण कानामागच्या टिकलीएवढ्या यंत्रानं जन्मभर ऐकलेलं सगळं फोनमध्ये जपलं होतं. अट घालायची, शोध चालवायचा, की आठवण हजर. मात्र ज्याला साठा वापरता येत नाही त्याचा तो बंद करायचा, असा कंपनीचा नियम होता; आज एकही आठवण स्वतः काढता आली नाही, तर शालनताईंचा साठा कायमचा बंद होणार होता. कंपनीचे तपासनीस सबनीस समोरच बसले होते. शालनताईंना हवा होता गेलेल्या नवऱ्याचा, भालचंद्रांचा आवाज.

सून वृंदानं सुचवलेली अट त्यांनी घातली.

मी म्हणाले: भालचंद्र.
त्यावर कोण बोललं?

सापडलं: शून्य.

"शेवटची संधी, आजी," सबनीस म्हणाले. "नाव मोठ्यानं म्हणून बघा, काही सुचेल."

"भा..." शालनताईंची जीभ अडली, कान तापले, आणि एकदम त्यांना हसू फुटलं.

"वृंदा, अगं, ही जीभ या नावाला कधी वळलेलीच नाही!"

"मग हाक कशी मारायचात, आई?"

शालनताईंनी अट पुसली आणि स्वतःच नवी लिहिली.

मी म्हणाले: अहो.
त्यावर कोण बोललं?
सर्वांत जुनं आधी.
मर्यादा: एक.

शोध फिरला. एक कोवळा, बावरलेला आवाज आला, "काय गं?"

सबनीसांनी आपल्या फोनवरच्या 'साठा चालू' या बटणावर बोट टेकवलं. शालनताईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मर्यादेची ओळच खोडून टाकली.

खोली भरून गेली. झोपेतलं "काय गं", चिडलेलं, न्हाणीतून ओरडलेलं, तोंडात घास असलेलं.

"अहो, एकेक करून बोला ना!" शालनताई म्हणाल्या.