सारजाबाईच्या पांढऱ्या कोंबड्या

"तिच्याच कोंबड्या कशा मरत न्हाईत, ते सांगा मला!" रंभाबाईनं रानातून आलेल्या नवऱ्याच्या ताटात भाकरी आदळली.

कुशाबानं वर पाहिलं नाही. "औषध चारती म्हनं," एवढंच बोलून तो अर्ध्या भाकरीवर उठला. घरच्या कोंबड्या मानमोडीनं गेल्यापासून बिचाऱ्याचं अन्नच उडालं होतं. आपलं दुःख नवऱ्याला तरी कळतं, एवढंच रंभाबाईला समाधान होतं.

घोटावड्यात विलायती कोंबड्या पहिल्यांदा आणल्या त्या शेजारच्या सारजाबाईनं. बाई विधवा, घरात एकटी. पुण्याहून आणलेली पिवळी पूड रोज खाद्यात कालवायची आणि कोंबड्या अशा भरायच्या की पौडच्या बाजारात सगळं गिऱ्हाईक तिच्याच पाटीभोवती. यंदा तर तिनं रेडिओ घेतला. तो वाजू लागला की इकडं रंभाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"तिच्या कोंबडीचं पीसबी माझ्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची न्हाई," असं ती पाणवठ्यावर चारचौघींत सांगायची.

भाद्रपदात कुशाबाला हगवण लागली. रक्त पडू लागलं, ताप उतरेना. पौडचा तरुण डॉक्टर दोनदा येऊन इंजेक्शन देऊन गेला, पण गुण नाही. तिसऱ्या खेपेला तो आला तेव्हा कुशाबाला डोळे उघडवत नव्हते. दारात निम्मी आळी जमली होती.

"यांनी सारजाबाईंची कोंबडी खाल्ली होती का?" डॉक्टरनं विचारलं. "ती खाऊन आजारी पडलेले दोघे माझ्याकडे आले होते. कोंबड्यांना रोज चारतात तेच औषध मी माणसांना देतो. त्या कोंबड्यांच्या पोटातले जंतू त्याला सरावलेत. आता ते त्यानं मरत नाहीत."

नवऱ्याच्या उशाशी बसूनही रंभाबाईला मनातून गुदगुल्या झाल्या. "ऐकलं का गं बायांनो? रोग इकती ती, रोग!"

"खाल्ली असेल तर दुसरं औषध द्यावं लागेल," डॉक्टर म्हणाला. "ते जहाल आहे, उगाच देता येत नाही. नीट आठवून सांगा."

"त्यात आठवायचं काय? भैरोबाची आन, माझ्या हातच्याबिगर ह्यांच्या तोंडात घास जात न्हाई."

डॉक्टरनं मान हलवली आणि आधीचंच इंजेक्शन भरायला घेतलं.

तेवढ्यात दारातल्या बाया बाजूला सरल्या. सारजाबाई आत आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, चेहरा पांढराफटक.

"तू कशाला आलीस गं?" रंभाबाई कडाडली. "मेलेत का जित्ते हायेत, बघायला?"

सारजाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"डाक्टर, दुसरंच औषध द्या," ती म्हणाली. "वरीस झालं, रानातनं येताना ते रोज माझ्याकडंच जेवत्यात."