पिठातलं पाऊल

पिंपळनेरजवळ अभिमननाना विहीर खोदत होते, तेव्हा काळ्या खडकाखालून एक फरशी निघाली. तिच्यात तीन बोटांचं पाऊल रुतलेलं होतं. आपला मुलूख समुद्रातलं बेट होता तेव्हाचं जनावर, असं कॉलेजातला कुणी साहेब सांगून गेला. नानांनी फरशीचा धुण्याचा दगड केला. पुढे नाना त्याच विहिरीत बुडाले.

दहाव्याला त्यांच्या बायकोने, भागाबाईने, रीतीप्रमाणे पीठ पसरून टोपलीखाली झाकलं. मेलेला ज्या जन्माला जातो, त्या जन्माचं पाऊल त्यात उमटतं.

सकाळी सुनेने टोपली उचलली.

"आत्याबाई, हाऊ कसाना पाय शे?"

पिठात तीन बोटं होती.

भागाबाई धुण्याच्या दगडाकडे धावली. दगडात आता माणसाचं पाऊल होतं, तितकंच जुनं, झिजलेलं. अंगठा नानांसारखाच वाकडा.