रिकाम्या काट्याचे नऊ क्विंटल

अंजनगावच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कापसाची बैलबंडी उभी होती आणि बंडीवाला मोतीराम पेटला होता. “बंडीसकट नऊच क्विंटल? नुसता कापूस दहा हाय!” मॅनेजर अमरावतीहून बोलावलेल्या प्रोग्रामर फलकवर गुरकावला, “प्रोग्राम तुमचाच ना?” तिचाच होता. काटा बसवणाऱ्या कंपनीची वजन वाचणारी फाइल मेमरीत नको तिथे हात घाली, प्रोग्राम कोलमडे. मॅनेजरच्या शिव्यांना कंटाळून महिन्यापूर्वी तिने एरर मुकाट गिळणारी ओळ लिहिली होती. बंडी पुढे काढायला लावून ती रिकाम्या काट्यावर उभी राहिली. खिडकीतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तरीही नऊच. एरर गिळली की नवं वजन येतच नव्हतं, आधीच्या बंडीचा आकडा गोठला होता. फलकने ती ओळ खोडताच प्रोग्राम बंद पडला, फाटकापर्यंत बंड्या खोळंबल्या. “बंद कावून पाडला?” मॅनेजर ओरडला. “महिन्यापूर्वी तुमच्याच शिव्यांपायी ही ओळ घातली. बंद काटा खोटं तरी बोलत नाही!” ती कडाडली. मोतीराम तिच्याकडे वळला. “अन् महिनाभर बोलला, त्याचं काय?”