उतरणाऱ्याची बेल

चष्म्याच्या दुकानासमोरचा स्टॉप आला आणि गेला. बाबांचा हात दांड्यावरच्या लाल बटणाकडे निघाला होता, पण अर्ध्या वाटेत थबकला आणि गुपचूप मांडीवर येऊन बसला. दुकानाच्या काचेआड त्यांची मुलगी उभी होती. आपला बाप बसमध्ये बसून समोरून सरळ पुढे चाललाय हे तिने पाहिलं, आणि तिच्या तोंडाचा झालेला आ बाबांनीही पाहिला.

आजची फेरी म्हणजे परीक्षाच होती. या परक्या देशात येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. मुलगी आणि जावई सकाळी कामावर गेले की बाबा खिडकीत बसून रस्त्यावरच्या बसचे नंबर पाठ करायचे. मला एकट्याला जाऊ दे, असा त्यांनी धोशाच लावला, तेव्हा कुठे मुलगी राजी झाली. घराजवळ बसायचं, अकरावा स्टॉप आला की बस थांबवायला बेलचं बटण दाबायचं आणि तिच्या दुकानापाशी उतरायचं. जमलं तर उरलेले पाच महिने हवं तिकडे हिंडा. नाही जमलं तर ती सोबत असल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

बसमधलं बाबांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? एकतीस वर्षं त्यांनी कंडक्टरकी केली होती. इथली बस बघून तर ते हरखूनच गेले. कंडक्टर नाही, आरडाओरडा नाही. लोक यंत्राला कार्ड टेकवतात आणि शहाण्यासारखे जागेवर बसतात. मग म्हातारीला हात कोण देतो? मागच्या दाराने माणूस नीट उतरला की नाही, हे कोण बघतं? एकटा ड्रायव्हर हे सगळं कसं निभावतो, याचं त्यांना भारी कुतूहल. त्याच्या मानेकडे आणि आरशाकडे ते आळीपाळीने बघत राहिले. पण त्या नादात स्टॉप चुकला, असं म्हणायचीही सोय नव्हती. अकरा त्यांनी बिनचूक मोजले होते.

शेवटच्या स्टॉपवरून ते त्याच बसने परत फिरले. येताना दुकानाच्या समोरच्या बाजूला एका बाईने बटण दाबून बस थांबवली, तिच्या मागोमाग तेही उतरले. चाळीस मिनिटं उशीर झाला होता. मुलगी फुटपाथवर येरझाऱ्या घालत होती. बटण सापडलं नाही का, स्टॉप ओळखला नाही का, घाबरलात का, तिने एका दमात सगळं विचारून घेतलं. बाबा प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणाले. खरं काय ते सांगायची त्यांना लाज वाटत होती.

"अगं, बेलला हात लावला म्हणून किती पॅसेंजर झापलेत मी," ते शेवटी म्हणाले. "बेल कंडक्टरची. बसलेल्या माणसाने ती मारायची, हे हाताला पटेचना."

मुलीला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच वाईटही वाटलं. पण अट ती अट. उद्यापासून घरीच थांबा, असं तिने जमेल तितक्या मऊ आवाजात सांगितलं. दुकान बंद होईपर्यंत बाबा चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमा डोळ्यांवर चढवून आरशात बघत बसले, पण त्यात मन नव्हतं.

संध्याकाळी दोघं एकाच बसने निघाले. घर जवळ आलं तरी मुलीने बटण दाबलं नाही. पर्स मांडीवर घेऊन ती ढिम्म बसून राहिली.

"बाबा, मी पॅसेंजर," ती पुढे बघतच म्हणाली. "मला पुढच्या स्टॉपला उतरायचंय."

बाबा ताडकन उठले. कुठेही न धरता, गुडघा सीटला टेकवून उभे राहिले आणि त्यांनी बटण दाबलं. बस थांबली. मुलगी उतरली. बाबा मागच्या दारात उभे राहून ती नीट उतरली का, ते बघत होते. ती हात पुढे करून थांबली, तरी ते खाली येईनात.

"या बाजूचा शेवटचा स्टॉप बघायचा राहिलाय," ते म्हणाले. "जाऊन येतो."

दार लागलं आणि बस गेली. दिवस अजून मावळला नव्हता, बाबांच्या खिशात कार्ड होतं, पत्त्याची चिठ्ठी होती. तरी मुलीचं मन थाऱ्यावर येईना. ती रस्ता ओलांडून परतीच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की ती तिथे दिसली तर ड्रायव्हर तिच्यासाठीच बस थांबवेल. म्हणून ती शेजारच्या लाँड्रीच्या भिंतीआड सरकली.

पहिली बस न थांबता भरधाव निघून गेली. आत कोण होतं ते तिला दिसलंच नाही. धावत मागे जावं असं तिला वाटलं, पण तिने स्वतःला आवरलं.

बऱ्याच वेळाने दुसरी बस वळणावर दिसली. आतले दिवे लागले होते, त्यामुळे सगळ्या सीट दुरूनही स्पष्ट दिसत होत्या. स्टॉपवर कोणी नव्हतं. बसमध्येही बाबांशिवाय कोणी नव्हतं. बस हळू झाली, कडेला आली आणि थांबली.